नाखव्याच्या जाळ्यावर मायाळू

खारदांड्याच्या कोळीवाड्यात जाऊन "पोरांना पालेभाजी खायला घाला" असं सांगायचं म्हणजे काय, हे तिथे सून म्हणून नांदल्याशिवाय कळायचं नाही. रुचिरा नांदत होती. मुलुंडची पोर, माहेर मूळचं कोकणातलं. कॉलेजात विकी भेटला, प्रेमात पडली आणि थेट हरेश्वर नाखव्याच्या घरात येऊन पडली. नाखवा म्हणजे बोटीचा मालक. आणि हा नाखवा असा, की ताटात हिरवं दिसलं तर विचारायचा, "ही बकरीची वाटणी इथं कोनी ठेवली?"

रुचिरा वाड्यातली बालवाडी चालवायची. तीन ते पाच वर्षांची वीसेक पोरं, एक खोली आणि मदतीला वनमाला. मे महिन्यात डॉक्टरीणबाई पोरांना तपासून गेल्या आणि रुचिराच्या डोक्यात भुंगा सोडून गेल्या. निम्म्या पोरांच्या अंगात रक्त कमी. मासळी खातात ते झकास आहे, म्हणाल्या, पण भाजी कुठे आहे? फळ कुठे आहे? आणि ही पोरं धावत का नाहीत? गल्लीत बाइक, घरात मोबाइल. पोरं मांडी घालून बसतात ती पाकिटातल्या कुरकुरीत काड्या संपेपर्यंत उठत नाहीत. ह्या पोरांना हलवा बाई, मातीत घाला, खाऊ तिथे उगवू दे.

त्या निम्म्यांत रुचिराची स्वतःची गार्गी होती. चार वर्षांची, डोळे टपोरे, ओठ फिकट. भात, तळलेला मासा आणि बिस्किट, ह्यापलीकडे तिचं जग नव्हतं. पाला दिसला की ओठ असे मिटायची की शिंपल्याने तिच्याकडून शिकावं. सकाळी मोरीत बसली की अर्धा वाडा जागा होईल असं रडायची, कारण पोट साफ होत नसे. सासू कमळ तिला एरंडेल पाजायची आणि पाजता पाजता सुनेला ऐकवायची, "लोकांच्या पोरांना शिकवतंस, आणि आपलीच बग! दिव्याखाली अंधार, दुसरं काय."

रुचिराला ते झोंबायचं, कारण ते खरं होतं.

म्हणून तिने सासऱ्याकडे खळं मागितलं.

खळं म्हणजे मासळी वाळवायची मोकळी जागा, बालवाडीच्या मागच्या दाराला लागूनच. नाखव्याच्या घराण्याचं. आठ महिने तिथे बांबूंवर बोंबील लटकलेले असतात. पण पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला, मासळी बंद, वाळवायला ऊन नाही. खळं रिकामं पडतं. रुचिरा म्हणाली, "बाबा, रिकामंच असतं ना? पोरांची बाग करते. माती खणतील, पाणी घालतील, धावतील. आणि स्वतः लावलेलं असलं की पोरं खातात, हे मी सांगते तुम्हाला."

नाखवा हसला. आधी मिशीत हसला, मग पोट हलवून हसला. "कोल्याचं पोर पाला खाईल? सूनबाय, सूर्य पच्छिमेला उगवंल, आन् तोपन वर्सोव्याच्या बाजूनं."

"खाल्ला तर?"

विकी मागून खुणा करत होता, गप्प बस यार, गप्प बस. पण रुचिरा गप्प बसणाऱ्यांतली असती तर खारदांड्यात आलीच नसती.

नाखव्याने जेवता हात थांबवला. "नारली पुनवेच्या आदल्या दिवसापत्तर खळं तुझं. त्या दिवशी मी येनार. कोनी न सांगता, न भरवता, चॉकलेटची लाच न देता एक पोर, एकच, आपल्या तोंडानं पाला खाताना मना दिसलं, तर अर्धं खळं कायमचं बालवाडीचं. नाय दिसलं, तर पुनवेला बांबू रोवनार, आन् ह्या घरात पुन्हा पाल्याचं नाव नाय. कबूल?"

"कबूल!" रुचिरा म्हणाली. नाखव्याचा शब्द म्हणजे नांगर. एकदा टाकला की हलत नाही. जिंकली तर पोरांना कायमची बाग. हरली तर गार्गीच्या ताटात हिरवं वाढायची सोयच उरणार नाही.

पण काय मजा सुरू झाली, अहो! ज्या पोरांना उचलून वर्गात बसवावं लागायचं ती सकाळी दार उघडायच्या आधी हजर. खुरपी कमी पडली तर करवंट्यांनी माती उकरली. मिहिर नावाचा एक गुबगुबीत पोरगा होता, दोन पायऱ्या चढला की "बाई, दमलो" म्हणायचा. तो गांडूळ दिसलं की खळ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत किंचाळत पळायचा आणि परत गांडूळ बघायला धावत यायचा. मेथी पेरली, लाल माठ पेरला, मुळा पेरला. आणि मुलुंडहून रुचिराची आई मालन पिशवीभर मायाळूच्या काड्या घेऊन आली. मायाळू म्हणजे जाड, तुकतुकीत पानांचा वेल. तिच्या गॅलरीत तो वर्षानुवर्षं डब्यात वाढत होता. "काडी खोचली की झालं," मालन म्हणाली. "ह्याला मरायचं कसं ते माहीत नाही." अर्धे कापलेले निळे ड्रम भिंतीशी मांडून त्यांत काड्या खोचल्या.

आता मासेमारीच्या बंदीचे दिवस. नाखव्याला काम नाही. समुद्रावर राज्य केलेला माणूस घरात बसला की चहात खोड काढतो, टीव्हीत खोड काढतो, बायकोच्या चालण्यात खोड काढतो. तो मागच्या दाराच्या कठड्यावर येऊन बसायला लागला. "बगायला आलोय, हरतंस कशी ते," असं रोज सांगायचा, कोणी विचारलेलं नसताना.

मायाळू वर चढायला लागला तशी रुचिराने सुतळीचा मांडव बांधला. नाखव्याने तो पाहिला. एक दिवस सोसला, दोन दिवस सोसला. तिसऱ्या दिवशी कठड्यावरून ओरडला, "ही गाठ हाय? ही गाठ? ह्या गाठीनं बोट बांदली असती तर पार दुबयला गेली असती!" आणि उठला. घरातून जुनं जाळं काढून आणलं, भिंतीच्या खुंट्यांपासून समोरच्या बांबूंपर्यंत असं ताणून बांधलं की खाली बोगदाच झाला. पोरं आरपार पळू शकतील, मोठ्यांना गुडघ्यावर बसावं लागेल एवढा. बांधून झाल्यावर हात झटकत म्हणाला, "पैज ती पैज. पन माझ्या खल्यात असली गाठ मी बगनार नाय."

वनमाला रुचिराच्या कानाशी लागली. "बाई, म्हातारा गळाला लागला गं!"

जाळं बघून रुचिराला खेळ सुचला. पोरं कोळ्यांची, त्यांना उड्या मार, वाका, ताणा असं सांगितलं तर जांभया देतात. तिने जाळ्याचा उरलेला तुकडा घेतला. अर्धी पोरं कोळी, ती दोर धरून "हैया हो, हैया हो" करत तुकडा जमिनीवरून ओढत न्यायची. अर्धी पोरं मासे, ती पळायची. वेलाचा बोगदा म्हणजे खडक. खडकात शिरलं की मासा सुटला; बाई "भरती!" म्हणाल्या की परत बाहेर. आणि नियम एक, माशाला हात नसतात. हात मागे धरूनच पळायचं. हा नियम रुचिराने का घातला? पोरं एकमेकांना ढकलायची म्हणून. दुसरं काही तिच्या मनात नव्हतं.

पोरं घामाघूम व्हायची. गार्गीसुद्धा! जी गार्गी दुकानापर्यंत कडेवर जायची, ती हात मागे घेऊन सरंगा माशासारखी सळसळत बोगद्यात घुसायची. वेल इतका दाट झाला होता की आत गेली की दिसायची नाही, नुसती खिदळ ऐकू यायची. रुचिरा बाहेर दोराच्या टोकाशी उभी राहून ती खिदळ ऐकायची आणि तिला वाटायचं, हे एवढं जरी झालं तरी पुष्कळ झालं.

मग आली ती पावसाची आठवडाभराची दडी. पाऊस गायब. रविवारी बालवाडी बंद. सोमवारी रुचिरा मागचं दार उघडते तो काय! मेथी झोपलेली. माठ कडेने करपलेला. मुळ्याची पानं पोळल्यासारखी. वाफ्यांत मातीवर पांढरी साय धरलेली, आणि तिच्यात मासळीची खवलं चमकतायत.

खारवणी! घरात बंदीच्या दिवसांत खारवलेले मासे धुतात, त्याचं पाणी. नाखव्याच्या अंगणात दोन नारळ होते, त्यांना हे पाणी वर्षानुवर्षं घातलं जायचं आणि ते असे लगडायचे की बघत राहावं. रुचिराला क्षणात कळलं, आणि कळलं तसा तिचा तोल गेला. कठड्यापाशी नाखवा उभा होता, हातात रिकामी बादली, चेहरा पडलेला.

"बाबा, तुम्ही?"

"रविवार होता. पानी नाय. माना टाकल्या होत्या पोरांच्या झाडांनी," तो म्हणाला. "नारलाला घालतो ना आपन. कसा धरतो बग. मना वाटलं…"

"नारळ आणि मेथी एक आहे का हो? की पैज हरायची भीती वाटली?"

तोंडातून निघून गेलं. परत घेता येईना. वनमालाने डोळे मिटले. नाखव्याने बादली खाली ठेवली, फार हळू ठेवली.

"सूनबाय," तो म्हणाला, "नाखवा पैज जिंकायला पोरांची झाडं मारत नाय." आणि आत गेला.

त्या दिवशी पोरांनी मेलेल्या मेथीभोवती गोल करून विचारलं, बाई, ही झोपली का? मिहिर तर रडलाच. रुचिराला वाटलं, आपण कसली शिक्षिका, कसली सून. दुपारी ती सासऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. "बाबा, चुकलं माझं. बोलायला नको होतं."

नाखव्याने हातातली जाळं विणायची सुई खाली ठेवली. मग म्हणाला, "ड्रममधलं वाचलंय ना? मायालू?"

"वाचलंय."

"मंग आता त्याला कोन हात लावतो ते मी बगतो."

आणि खरंच, नाखवा पहाऱ्याला बसला! कावळा आला की हाड, मांजर आली की हाड, वनमाला कढीपत्ता तोडायला आली तरी हाड. आता सगळी भिस्त त्या एका वेलावर. आणि तेवढ्यात नवीन संकट.

"सूनबाय, हिकडं ये! वेलाला कीड लागली!"

पानांना अर्धचंद्र पडलेले. कडेने कुरतडलेली, काही तर देठापर्यंत गायब. नाखव्याने चष्मा लावून पान न् पान उलटं करून पाहिलं. अळी नाही. अंडं नाही. गोगलगायीचा चकाकता माग नाही. आणि गंमत म्हणजे वरची पानं ठणठणीत. खाऊन टाकलेली ती फक्त खालची.

"वरती चढत नाय," नाखवा म्हणाला. "आलशी कीड हाय."

राख फुंकली. कडुलिंबाचा पाला लटकवला. कमळने तर वेलाची दृष्टही काढली. विकी म्हणाला, "कशाला एवढी डोकेफोड? औषध आणतो, एक फवारा मारला की खल्लास."

"खबरदार!" रुचिरा एवढ्या जोरात ओरडली की विकी मागे सरकला. "पोरांच्या खाण्याचं आहे ते. एक थेंब जरी पडला ना, तर तुलाच फवारीन."

"मग खाऊ दे किड्याला," विकी पुटपुटला.

कीड काही हटेना. नाखवा चक्रावला. "रविवारी नाय खात," तो एकदा जेवताना म्हणाला. "सोमवारी दुपारी बगावं तर नवीन चावे. रविवारी सुट्टी घेतो का काय भाडखाव?" सगळे हसले. हसण्यावारी गेलं.

त्याच दिवसांत घरात एक चमत्कार झाला होता, पण गडबडीत त्याच्याकडे कोणी नीट पाहिलं नाही. मोरीतलं रडणं थांबलं होतं. गार्गी जायची आणि गाणं म्हणत परत यायची. कमळ वाडाभर सांगत सुटली, "माझ्या एरंडेलाचा गुन! म्हातारीचं ऐकत जा."

नारळी पुनवेचा आदला दिवस उजाडला. किनाऱ्यावर बोटींना रंग लागलेला, पताका चढलेल्या, वाड्यात नारळाच्या वड्यांचा वास. आणि बालवाडीच्या मागे रुचिरा आणि वनमाला पहाटेपासून राबतायत. मायाळूची वरची धडधाकट पानं खुडली. अर्ध्यांची जवळा घालून भाजी केली, ह्या घरातल्या चवीची. अर्ध्यांची बेसनात बुडवून भजी. भजी कोण नाही म्हणणार? रुचिराने विचारलं, "वनमाला, खातील ना गं?"

"भजी आहे बाई. मी तर आत्ताच तीन खाल्ली."

आया जमल्या. विकी आला, कमळ आली. नाखवा धुतलेला सदरा घालून आला आणि मधोमध खुर्ची टाकून बसला. पोरांच्या पुढ्यात ताटल्या ठेवल्या. कोणी एक शब्द बोलायचा नाही, ही अट.

पोरांनी भजी उचलली. खाल्ली की! मिहिरने तर दोन्ही हातांनी. आयांमध्ये कुजबुज उठली, रुचिरा मनात ओरडली, जिंकले, जिंकले! आणि मग तिने नीट पाहिलं.

मासे खाणारी पोरं ती. काटा काढण्यात पटाईत. दात यायच्या आधी काटा काढायला शिकतात. मिहिरने भज्याचं कवच अल्लद खाल्लं, आतलं पान दोन बोटांत धरून सर्रकन ओढून काढलं आणि काटा ठेवावा तसं ताटलीच्या कडेला ठेवलं. शेजारच्या पोरीनेही. तिच्या शेजारच्यानेही. बघता बघता प्रत्येक ताटलीच्या कडेला हिरव्या काट्यांची रांग लागली. जवळ्याच्या भाजीतला जवळा वेचून खाल्ला, पानं तशीच. आणि गार्गी? तिने पान बाहेर काढलं, आईकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले, शिंपला बंद.

कोणी हसलं नाही. हसलं असतं तरी बरं झालं असतं.

रुचिराच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. पालथ्या घड्यावर पाणी, ती मनात म्हणाली, आख्खा पावसाळा पालथ्या घड्यावर पाणी ओतलं मी.

नाखवा उठला. त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता. "सूनबाय," तो घसा खाकरून म्हणाला, "पाला छान वाढला व्हता. पन शब्द तो शब्द. विकी, कोयता आन. खालच्या गाठी मीच कापतो, मीच बांदल्यात."

विकीने कोयता आणला. नाखवा जाळ्याकडे निघाला आणि वाटेत आडवा पडलेला खेळाचा दोर त्याने पायाने बाजूला केला.

दोर हलला मात्र, मिहिर ताटली टाकून उठला. "आबा कोळी! आबा कोळी झाले! पळा!"

झालं! सगळी पोरं उठली. हात मागे, छाती पुढे, सगळा मासळीबाजार किंचाळत बोगद्यात. आया "अगं, अरे" करतायत, ऐकतंय कोण? नाखवा हातातला कोयता वर धरून "सावकास, सावकास रं" म्हणत उभा. पोरं आत गडप झाली. खिदळ, कुजबुज, शूऽऽ. मग शांत. मग आतून बारीक आवाज यायला लागला. कुरुम. कुरुम कुरुम.

नाखव्याने मान वाकडी करून ऐकलं. मग तो गुडघ्यावर बसला. पानं बाजूला सारली आणि डोकं आत घातलं.

बराच वेळ तो बाहेरच येईना. कमळ घाबरली, "काय झालं? चक्कर आली का?"

"सूनबाय," आतून आवाज आला, कसातरीच, हसू आणि रडू एकाच नरड्यात अडकल्यासारखा. "लौकर ये. किडा गावला!"

रुचिरा धावली. गुडघ्यावर पडून तिने डोकं आत घातलं आणि पाहतच राहिली.

हिरव्या उजेडात वीस मासे. हात पाठीमागे. माना लांब करून, ओठांचा चंबू करून, पोरं वेलाची पानं तोंडाने ओढत होती आणि दातांनी कुरतडत होती. मिहिरच्या हनुवटीवरून हिरवा रस ओघळत होता. आणि सगळ्यात पुढे गार्गी, तिची गार्गी, टाचा उंच करून, डोळे मिटून एक जाड पान देठापर्यंत चावत गेली, मिटक्या मारल्या आणि दुसऱ्या पानाकडे वळली. तिचं तोंड पोचेल तिथवर एक पान शाबूत नव्हतं.

अर्धचंद्र! खालची पानं! रविवारची सुट्टी! काखेत कळसा आणि गावाला वळसा. राख फुंकली, दृष्ट काढली, आणि किडे रोज सकाळी गुड मॉर्निंग बाई म्हणत दारातून आत येत होते. आणि विकीने तो फवारा मारला असता तर!

"गार्गी," तिने विचारलं, "अगं, तू पान खातेस?"

गार्गीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू आईला साधी गोष्ट कळत नाही. "मासे खडकातलं शेवाळ खातात," ती म्हणाली. "आम्ही मासे आहोत."

"मग भज्यातलं का नाही खाल्लं?"

"तेव्हा आम्ही माणसं होतो ना."

बाहेर बातमी फुटली. आया खाली वाकून, एकमेकींना ढकलून बघायला लागल्या. "ए बाई, माझा पन खातोय गो!" "माझी तर दोन दोन खातेय!" वनमाला टाळ्या पिटत नाचत होती. कमळने कपाळावर हात मारला, "म्हंजे एरंडेलानं नाय तर!" आणि सगळ्यांच्या आधी आपणच खो खो हसत सुटली. रुचिरा तिथेच चिखलात बसली. रडू येत होतं, हसू येत होतं, ओरडून वाड्याला सांगावंसं वाटत होतं. तिने नाखव्याकडे पाहिलं.

"बाबा, कोणी सांगितलं नाही हं त्यांना. कोणी भरवलं नाही. चॉकलेट नाही."

"मना दिसतंय," नाखवा म्हणाला. तो अजून गुडघ्यावरच होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. डोळे पुसायला हात वर नेला आणि हातात कोयता आहे हे लक्षात येऊन थांबला. "अर्धं खळं म्हनालो व्हतो ना मी?"

"हो."

"बोंबलांना कितीशी जागा लागते? वरती गच्ची हाय की." त्याने नाक ओढलं. "सगलं ठेव."

रुचिरा काही बोलणार, तेवढ्यात गार्गी आजोबांच्या समोर येऊन उभी राहिली. तिने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. खडकात आलेला हा एवढा मोठा प्राणी कोण, हे ठरवणं भाग होतं.

"आबा, तू कोळी की मासा? कोळी आत येत नाही. नियम आहे."

हरेश्वर नाखव्याने अख्ख्या जन्मात पाला तोंडात घातला नव्हता. त्याने एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा नातीच्या हिरव्या दातांकडे पाहिलं.

"मासा," तो म्हणाला.

"मग हात मागे!"

नाखव्याने हात मागे घेतले. मागे घेता घेता कोयता मूठ पुढे करून विकीकडे सरकवला, डोळे गच्च मिटले, मान लांब केली आणि कोवळंसं एक पान बघून चावा घेतला.